बेरियम गेलं कुठे? बेरियम झिर्कोनेटच्या पेलेटची वही, जानेवारी ते मे

६ जानेवारी

काम असं: २० टक्के यिट्रियम घातलेलं बेरियम झिर्कोनेट हे सिरॅमिक घरच्या घरी, म्हणजे विकतची तयार पावडर न घेता, साध्या ऑक्साइडांपासून बनवायचं, त्याची घट्ट पेलेट (दाबून केलेली चकती) भाजायची आणि तिच्यातून प्रोटॉन किती सहज वाहतात ते मोजायचं. दोन महिने धरले होते. पाच लागले. पुढच्या माणसाचे तीन वाचावेत म्हणून ही वही टाइप करून ठेवते आहे. चुका काढून टाकलेल्या नाहीत.

सिद्धांत एवढाच: झिर्कोनियमच्या जागी यिट्रियम बसलं की एक धन भार कमी पडतो. तो हिशेब जुळवायला दर दोन यिट्रियममागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. गरम पेलेटवरून पाण्याची वाफ गेली की पाण्याचा रेणू त्या रिकाम्या जागेत शिरतो आणि दोन प्रोटॉन स्फटिकाच्या जाळीत सोडतो. हे प्रोटॉन एका ऑक्सिजनवरून शेजारच्या ऑक्सिजनवर उड्या मारत जातात. १९८१ साली जपानी संशोधक इवाहारांच्या गटाने स्ट्रॉन्शियम सिरेटमध्ये हे दाखवलं. सिरेट भाजायला सोपं, पण कार्बन डायऑक्साइड लागला की विरघळल्यासारखं मोडतं. झिर्कोनेट टिकाऊ, पण भाजायला महाहट्टी. आम्ही हट्टी घेतलं.

८ जानेवारी

०.०५ मोलचा घाणा. बेरियम कार्बोनेट ९.८६७ ग्रॅम, झिर्कोनिया (झिर्कोनियमचं ऑक्साइड) ४.९२९ ग्रॅम, यिट्रिया (यिट्रियमचं ऑक्साइड) १.१२९ ग्रॅम. सगळं कोरडं, एकूण १५.९२५ ग्रॅम. कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर १३.७२ ग्रॅम उरायला हवं.

वजनं करून झाली आणि मग आठवलं की यिट्रिया हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. बाटलीतली थोडी पावडर १००० अंशांवर चार तास तापवली, १.७ टक्के हलकी झाली. म्हणजे मघाशी घातलं त्यात यिट्रिया १.१२९ नव्हतंच. सगळं पुन्हा. पहिल्याच दिवशी अर्धा दिवस गेला. तापवलेली पावडर गरम असतानाच डेसिकेटरमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी वापरा.

बेरियम कार्बोनेट पोटात गेलं तर विषारी आहे. मास्क, हातमोजे, आणि खल धुतलेलं पाणी वेगळ्या डब्यात.

१० जानेवारी

बॉल मिल, झिर्कोनियाचे गोळे, आयसोप्रोपिल अल्कोहोल, २४ तास. गोळ्यांचं वजन केलं नाही. ही नोंद इथेच का लिहिते आहे ते मार्चमध्ये कळेल.

१४ जानेवारी

मुशीत १४.२०० ग्रॅम मिश्रण, १२०० अंश, १० तास. हिशेबाने १२.२४ ग्रॅम उरायला हवं होतं, निघालं १२.४१. म्हणजे ०.१७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड अजून आतच. क्ष-किरण विवर्तनात २४ अंशांजवळ कार्बोनेटचं शिखर आणि २९.१ जवळ यिट्रियाचा ठेंगणा उंचवटा दिसला. काट्याने जे सांगितलं तेच यंत्राने सांगितलं, फक्त यंत्रासाठी तीन दिवस रांगेत थांबावं लागलं. तेव्हा आधी काटा बघा.

पुन्हा दळलं, १३०० अंश, १० तास. आता दोन्ही उंचवटे गेले.

२० जानेवारी

पेलेट दाबणं. १३ मिमीची डाय (साचा), पावडर धरून ठेवायला दोन टक्के पीव्हीए, जे भाजताना जळून जातं. जास्त दाब म्हणजे जास्त घट्ट असं समजून काट्यावर पाच टन दिले. डायमधून बाहेर येताना पेलेटची वरची टोपी बिस्किटाच्या पापुद्र्यासारखी निघाली. एक नाही, ओळीने चार. पावडरमध्ये अडकलेली हवा आणि डायमधून सुटताना पेलेटचं एकदम फुगणं, दोन्ही मिळून हे होतं. दीड टनावर, म्हणजे साधारण ११० मेगापास्कलवर आणले, दाब हळू सोडला, डायच्या भिंतीला स्टिअरिक आम्लाचा हलका हात दिला. मग बऱ्या आल्या. नंतर रबरी पिशवीत घालून आयसोस्टॅटिक, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखं दाबणाऱ्या, यंत्रात २०० मेगापास्कल.

पेलेटचं कच्चं वजन ०.९०० ग्रॅम. हे वजन लिहून ठेवलं, याबद्दल मी पुढे स्वतःचे आभार मानले.

२७ जानेवारी

१६५० अंश, २४ तास. चढ-उतार मिनिटाला तीन अंश, म्हणजे भट्टी एका फेरीसाठी सव्वाचार दिवसांच्या आसपास... असं आधी लिहिलं होतं. बेरीज पुन्हा केली: चढायला नऊ तास, थांबा २४, उतरायला नऊ. पावणेदोन दिवस. रात्री दोनला केलेल्या बेरजांवर विश्वास ठेवू नये.

भट्टी उघडली. तीन पेलेट अॅल्युमिनाच्या पाटीवर थेट ठेवल्या होत्या. तिन्ही पाटीला चिकटलेल्या. बेरियम ऑक्साइड आणि अॅल्युमिना एकमेकांना भेटले की बेरियम अॅल्युमिनेट होतं, हे पुस्तकात वाचलं होतं, पण ते माझ्या पाटीवर होईल असं वाटलं नव्हतं. एक काढताना फुटली, दुसरीचा तळ पाटीवरच राहिला, तिसरी कशीबशी निघाली. पाटी गेली.

तिसरीचं वजन ०.८५२ ग्रॅम. वहीत लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले. इथे थांबायला हवं होतं.

३ फेब्रुवारी

आर्किमिडीज पद्धतीने घनता ४.७३. जाळीचं माप ४.२२ अँगस्ट्रॉम धरलं तर सैद्धांतिक घनता ६.०७ येते. म्हणजे ७८ टक्के. पाण्यातून काढल्यावर पेलेट बुडबुडे सोडत होती, ते घनतेपेक्षा जास्त बोलकं होतं. ७८ टक्क्यांवर मोजमाप घेण्यात अर्थ नाही हे माहीत होतं. तरी घेतलं, कारण पाच आठवड्यांत ग्राफवर एकही बिंदू पडलेला नव्हता आणि मला बिंदू हवा होता.

९ फेब्रुवारी

प्लॅटिनमची पेस्ट दोन्ही बाजूंना, ९५० अंशांवर पक्की केली. हवेत, ७०० अंशांपासून खाली मोजत आले. सुंदर सरळ रेष. ६०० अंशांवर वाहकता ०.०००९ सीमेन्स प्रति सेमी. ग्राफ छापून टेबलासमोर लावला.

१६ फेब्रुवारी

मॅडमनी ग्राफ पाहिला आणि एकच विचारलं, "हवा कोरडी होती का?" मी म्हटलं, "हो मॅडम, नळीत सिलिका जेल होतं." "मग प्रोटॉन आले कुठून?"

उत्तर नव्हतं. पाणी दिलंच नाही तर प्रोटॉन कसले. त्यांनी सांगितलं तसं केलं: ७०० अंशांवर पेलेट स्थिर ठेवली आणि आधी शुद्ध ऑक्सिजन, मग एक टक्का ऑक्सिजन. वाहकता २.३ पट घसरली. प्रोटॉनला ऑक्सिजनच्या दाबाशी एवढं देणंघेणं नसतं. कोरड्या ऑक्सिजनमध्ये रिकाम्या जागेत ऑक्सिजन शिरतो आणि बदल्यात दोन होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ज्या धन भारासारख्या वाहतात) सोडतो. होलची वाहकता ऑक्सिजनच्या दाबाच्या चौथ्या मुळाप्रमाणे वाढते. नुसते होल असते तर शंभर पटीला ३.२ पट फरक पडला असता, माझ्याकडे २.३, म्हणजे बाकी ऑक्साइड आयन वगैरे. मी पाच आठवडे खपून एक बऱ्यापैकी होल-वाहक मोजला होता.

ग्राफ सरळ आला म्हणजे बरोबर आला असं नाही. सगळेच सरळ येतात. समोर लावलेला कागद काढला नाही, त्यावर लाल पेनाने "होल" लिहिलं.

१८ फेब्रुवारी

मग ओल्या नायट्रोजनमध्ये मोजलं. वाहकता वाढायला हवी होती. जेमतेम वाढली. पेलेट सच्छिद्र आहे हे मान्य, पण छिद्रांमुळे दीड-दोन पट कमी येईल, दहा पट नाही. आणखी काहीतरी हरवलं होतं.

घोडं कुठे पेंड खातं ते जुन्या वजनांच्या रकान्यात सापडलं. कच्ची पेलेट ०.९००. त्यातून दोन टक्के पीव्हीए वजा, ०.८८२. पावडर हवेत राहून धरलेली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ०.६ टक्के (थोडी पावडर तापवून मोजलं), म्हणजे आणखी ५ मिलिग्रॅम. उरायला हवं ०.८७७. उरलं ०.८५२. २५ मिलिग्रॅम कुठे गेले?

१६५० अंशांवर या पदार्थातून सहज उडून जाणारं एकच, बेरियम ऑक्साइड. २५ मिलिग्रॅम म्हणजे एकूण बेरियमपैकी सुमारे ५ टक्के. काही वाफ होऊन, काही पाटीत.

विवर्तन पुन्हा केलं: जाळीचं माप ४.२०३. असायला हवं ४.२२ च्या आसपास. बिनडोपचं, म्हणजे यिट्रियम न घातलेलं, बेरियम झिर्कोनेट ४.१९३ असतं. म्हणजे माझी पेलेट बिनडोपकडे सरकली होती, जणू यिट्रियम कमीच घातलं. यिट्रियम तर तेवढंच होतं. पण बेरियम उडालं की यिट्रियम मोकळ्या झालेल्या बेरियमच्या जागेवर जाऊन बसतं, आणि तिथे त्याचा भार उलटा पडतो. झिर्कोनियमच्या जागी बसलेलं यिट्रियम ऑक्सिजनची जागा रिकामी करतं, बेरियमच्या जागी बसलेलं ती बंद करतं. एकीकडून कमावलेलं दुसरीकडे फिटलं. रिकाम्या जागा नाहीत, तर पाणी आत शिरणार कुठे?

जानेवारीच्या २९ तारखेला वजाबाकी केली असती तर तीन आठवडे वाचले असते. वजाबाकीला दोन मिनिटं लागतात.

२ मार्च

उपाय सोपा वाटला: बेरियम उडतं तर आधीच ५ टक्के जास्त घालू. पाटीऐवजी त्याच पावडरीच्या थरावर ठेवू. १६०० अंश, वरून उलटी मूस.

पेलेट छान निघाली. घनता ८९ टक्के. टेबलावर ठेवून चार दिवस दुसऱ्या कामाला गेले.

७ मार्च

परत आले तर पेलेटच्या जागी भुगा. बोट लावलं की रवा. सगळं बेरियम उडालंच नव्हतं. जास्तीचं बेरियम ऑक्साइड कणांच्या सीमांवर जाऊन बसलं, हवेतल्या पाण्याने त्याचं हायड्रॉक्साइड आणि मग कार्बोनेट झालं, आणि फुगून कणांना एकमेकांपासून उचकटलं. कमी बेरियम म्हणजे वाहकता गेली, जास्त बेरियम म्हणजे पेलेटच गेली. मधली वाट एखाद टक्क्याएवढी रुंद आहे.

त्यामुळे नियम बदलला. घटकांत बेरियम नेमकं ठेवायचं, आणि उडू नये म्हणून भोवतालची हवाच बेरियमने भरलेली ठेवायची.

१६ मार्च

नवा घाणा. या वेळी मिलमध्ये घालण्याआधी गोळ्यांचं वजन केलं: २१२.४६ ग्रॅम. २४ तासांनी २१२.३५.

०.११ ग्रॅम झिर्कोनिया झिजून माझ्या पावडरीत उतरलं! ०.९ मिलिमोल. घाणा ५० मिलिमोलचा. म्हणजे भट्टी पेटवण्याआधीच बेरियम १.८ टक्के कमी. पहिल्या घाण्यातही हे झालंच असणार, वरून भट्टीने ५ टक्के नेले. एवढं करून मी यिट्रियाच्या १.७ टक्के ओलीसाठी पहिल्या दिवशी सगळं पुन्हा तोललं होतं.

तो घाणा बाजूला ठेवला (पुढे पांघरूण-पावडर म्हणून कामी आला). नवीन घाण्यात दळण सहा-सहा तासांच्या दोन पाळ्यांत. झीज ०.०४ ग्रॅम. तेवढ्याला पुरेल असं ६४ मिलिग्रॅम बेरियम कार्बोनेट दुसऱ्या पाळीत घातलं. हे मापून घातलेलं आहे, मनाने घातलेलं नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यातल्या घाण्यापेक्षा फरक एवढाच.

३० मार्च

तापमान खाली आणायचं तर निकेल ऑक्साइडची मदत घ्यावी लागते. वजनाने एक टक्का. बेरियम, यिट्रियम आणि निकेल मिळून एक मधलं संयुग तयार होतं, ते कणांना एकमेकांत मिसळायला वाट करून देतं, आणि १६५० ऐवजी १५०० अंशांत काम होतं. फुकट नाही: निकेल थोडं यिट्रियम आपल्याकडे ओढतं, काही स्वतः जाळीत शिरतं, पाणी धरण्याची क्षमता कमी होते. माझं मत विचाराल तर ज्यांच्याकडे १७०० पर्यंत टिकणारी भट्टी आणि धीर दोन्ही आहेत त्यांनी निकेलशिवाय करावं. आमच्या भट्टीचे मॉलिब्डेनम सिलिसाइडचे दांडे आता म्हातारे झाले आहेत.

मांडणी: मुशीच्या तळाशी बाजूला ठेवलेल्या घाण्याची पावडर, त्यात वजनाने १० टक्के बेरियम कार्बोनेट. तिच्यावर पेलेट, वर पुन्हा तीच पावडर, मग उलटी मूस. पावडर नुसती भुरभुरायची, दाबायची नाही, नाहीतर ती पेलेटलाच चिकटते (एक पेलेट तशी घालवली). १५०० अंश, १० तास.

कच्ची ०.९०१, पीव्हीए आणि ओल वजा करून ०.८७८ अपेक्षित, मिळाली ०.८७६. दोन मिलिग्रॅमचा घाटा. हा आकडा पाहून जेवढा आनंद झाला तेवढा नंतरच्या कुठल्याही ग्राफने झाला नाही. घनता ५.७७, म्हणजे ९५ टक्के. व्यास १३ चा १०.८ मिमी झाला. जाळी ४.२१८. आठवडाभर उघडी ठेवली, भुगा झाला नाही. दोन्ही बाजू घासून १.२ मिमी जाडी केली, वरचा कातडा काढण्यासाठी हे गरजेचंच आहे.

६ एप्रिल

आता पाणी. बबलरचा (वायू पाण्यातून बुडबुडत नेणाऱ्या बाटलीचा) टब ३० अंशांवर ठेवला, जास्त वाफ म्हणजे जास्त प्रोटॉन या हिशेबाने. खोली २३ अंश. सकाळी नळीच्या वळणात पाण्याचा थेंब बसलेला, आणि वायूचा प्रवाह दर काही सेकंदांनी उचक्या देत होता. वाकडी नळी खोलीच्या तापमानाला असेल तर वाफेचा दाब खोली ठरवते, टब नाही. आणि खोली रात्रीची वेगळी, दुपारची वेगळी. टब १८ अंशांवर आणला, खोलीपेक्षा थंड. दाब २.०६ किलोपास्कल, कमी खरा, पण रात्रंदिवस तेवढाच.

९ एप्रिल

पेलेट ओलावली का हे कसं कळणार? पुन्हा काटा. घासलेली पेलेट कोरड्या वायूत ९०० अंशांवर सुकवून ०.६३४ ग्रॅम. सगळ्या रिकाम्या जागा भरल्या तर ०.६६ टक्के, म्हणजे ४.२ मिलिग्रॅम वाढायला हव्यात. ओल्या नायट्रोजनमध्ये ७०० वरून मिनिटाला दहा अंशांनी थंड केली. वाढलं ०.८ मिलिग्रॅम.

पाणी आत शिरायला उत्सुक असतं थंडपणात, पण चालायला लागतं गरमपणात. वर तापमान जास्त तेव्हा ते आत थांबत नाही, खाली आलं की थांबेल पण हलत नाही. मधल्या पट्ट्यात वेळ द्यावा लागतो. दुसऱ्यांदा ५०० ला चार तास, ४०० ला आठ तास, ३०० ला बारा तास, मध्ये मिनिटाला एक अंश. वाढ ३.३ मिलिग्रॅम. पूर्ण भरण्याच्या ७९ टक्के. उरलेलं बहुधा निकेलच्या नावावर.

१३ एप्रिल

आणखी एक फालतू चूक. थर्मोकपलचं टोक पेलेटपासून १५ मिमी लांब. दुसरं थर्मोकपल पेलेटला टेकवून पाहिलं तर ६०० ला २२ अंशांचा फरक, १०० ला तीन. फरक सगळीकडे सारखा असता तर चाललं असतं. तापमानाबरोबर बदलतो म्हणून रेषेचा उतार, पर्यायाने सक्रियण ऊर्जा (एक उडी मारायला लागणारी ऊर्जा), खोटी येते. टोक पेलेटजवळ आणलं. एप्रिलमधली आधीची सगळी मोजमापं रद्द.

२० एप्रिल

इम्पीडन्स, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारितेच्या उलटसुलट विजेला पेलेट किती अडवते ते मोजणं. ग्राफवर पेलेटच्या प्रत्येक भागाचं एक अर्धवर्तुळ उमटतं. पहिले दोन दिवस ३०० ते ६०० अंशांत घालवले आणि कणाच्या आतल्या भागाचं अर्धवर्तुळ शोधत बसले. दिसलंच नाही. ६०० ला तर उच्च वारंवारितेचं टोक अक्षाच्या खाली गेलं: ते तारांचं इंडक्टन्स, पेलेटचा त्यात काही दोष नाही. तारा शॉर्ट करून रिकामं मोजमाप घ्या आणि वजा करा.

मग कागदावर गणित केलं, जे दोन दिवस आधी करायला हवं होतं. अर्धवर्तुळाचा माथा कुठल्या वारंवारितेला येईल ते पेलेटच्या आकारावर नाही, फक्त वाहकता आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर ठरतं. स्थिरांक ४० धरला आणि २०० अंशांवर वाहकता एक दहा हजारांशाच्या पुढे असेल तर माथा चाळीस मेगाहर्ट्झच्या पलीकडे. आमचं यंत्र एक मेगाहर्ट्झला थांबतं. म्हणजे प्रोटॉन-वाहक म्हणून ज्याचं नाव उच्च तापमानासाठी घेतात त्याचं आतलं बघायचं तर भट्टी जवळजवळ बंद करून १०० अंशांच्या खाली यायचं.

एवढ्या खाली पाणी आत-बाहेर करत नाही, आधी जेवढं भरलं तेवढंच गोठून राहतं. म्हणूनच ९ तारखेची उठाठेव. १५० अंशांखाली मी कोरडा नायट्रोजन चालू केला, पृष्ठभागावर पाण्याचा थर बसून तो वाहू नये म्हणून.

७५ अंशांवर अखेर दोन स्वच्छ अर्धवर्तुळं. पहिलं: १८.७ किलोओहम, २७ पिकोफॅरड, माथा ३१५ किलोहर्ट्झला. दुसरं: १.१ मेगाओहम, ३ नॅनोफॅरड, माथा ४८ हर्ट्झला. कुठलं कुणाचं हे प्रतिकारावरून ठरवू नका, धारकतेवरून ठरवा: पिकोफॅरड म्हणजे कणाचं अंतरंग, नॅनोफॅरड म्हणजे कणांच्या सीमा, मायक्रोफॅरड दिसले तर इलेक्ट्रोड.

२७ एप्रिल

५० ते १०० अंशांतल्या सहा तापमानांवरून अंतरंगाची सक्रियण ऊर्जा ०.४१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आली. अपेक्षेपेक्षा कमी. ग्राफ तपासला: मी नुसत्या वाहकतेचा लॉग काढला होता, वाहकता गुणिले तापमानाचा नाही. आयनांच्या उड्यांसाठी दुसरं हवं. दुरुस्त केल्यावर ०.४४. सीमांसाठी ०.७१.

लोकांचे आकडे ताडून बघताना त्यांनी कुठला लॉग काढला आहे ते आधी बघा. एवढ्याशा फरकावर वाद घालणारे मी पाहिले आहेत, परवापर्यंत मीही घालत होते.

५ मे

हे खरंच प्रोटॉन आहेत का? होलच्या प्रकरणाने तोंड पोळलं होतं, त्यामुळे बबलरमध्ये जड पाणी (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं) घातलं. ४५० अंशांवर दहा तास, मग तशाच पायऱ्यांनी खाली. ७५ अंशांवर अंतरंगाचा प्रतिकार १८.७ वरून ३२.६ किलोओहम, १.७४ पट. धारकता तीच. परत साधं पाणी, परत १९.१. ड्युटेरियम जड, त्याच्या उड्या मंद. ऑक्साइड आयन किंवा होल असते तर त्यांना पाण्यातला हायड्रोजन हलका की जड याने एवढा फरक पडला नसता. उलट फिरवून बघणं महत्त्वाचं आहे. नुसतं एकदा वाढलं तर पेलेट खराब होते आहे असंही असू शकतं.

मॅडमनी आकडे पाहिले. म्हणाल्या, "आता लाव ग्राफ भिंतीला."

११ मे

सीमांचा हिशेब. धारकतांच्या गुणोत्तराने दुरुस्ती केल्यावर ७५ अंशांवर सीमेची स्वतःची वाहकता अंतरंगापेक्षा सुमारे साडेसहा हजार पट कमी. सीमेचा गाभा धन भारित असतो, म्हणून धन भारित प्रोटॉन आणि रिकाम्या जागा दोन्ही तिथून दूर ढकलल्या जातात. काही नॅनोमीटरचा एक ओसाड पट्टा पडतो. घाण काढून हा जाणार नाही, हा स्वच्छ सीमेवरही असतो. उपाय म्हणजे सीमा कमी करणं, मोठे कण वाढवणं.

६०० अंशांवर ओल्या नायट्रोजनमध्ये एकूण वाहकता ०.००६ सीमेन्स प्रति सेमी. ७५ अंशांच्या रेषेवरून अंतरंगाला वर ओढलं तर त्याच्या तिप्पट-चौपट निघते. मधला फरक काही सीमांचा, काही ६०० ला आत न थांबणाऱ्या पाण्याचा.

१४ मे

जमाखर्च, जो मागतील त्यांच्यासाठी. भाजलेल्या पेलेट १७, मोजण्याजोग्या तीन. फुटलेल्या पाट्या दोन, एक मूस. भट्टीच्या फेऱ्या नऊ, त्यांतल्या पाच वाया. प्लॅटिनम पेस्ट ठरवल्यापेक्षा दुप्पट, कारण घासून काढून पुन्हा लावली. सगळ्यात महाग पडलेली गोष्ट ९ फेब्रुवारीचा ग्राफ.

१९ मे

मोठ्या कणांसाठी निकेलशिवायची पेलेट आज भट्टीत गेली. १६०० अंश, पांघरूण-पावडर दुप्पट, पण मधून भट्टी न उघडता. कच्चं वजन ०.८९८, अपेक्षित ०.८७५. भट्टीच्या दारावर चिठ्ठी चिकटवली आहे: काढल्यावर आधी तोला.